विश्लेषण : ऑपरेशन यशस्वी झाल्यानंतरची पहिली रात्र कोण सांभाळते? घनसावंगीच्या बाळापासून हा डॉक्टर किती दूर?

ऑपरेशन थिएटरचे दार उघडते, सर्जन बाहेर येतात, ‘सगळे व्यवस्थित झाले’ असे सांगतात आणि सकाळपासून ताटकळत बसलेले आईवडील हात जोडतात. बातम्यांमध्येही गोष्ट बहुधा इथेच संपते. बाळ काही दिवसांचे असेल आणि ऑपरेशन हृदयाचे असेल, तर मात्र खरी कसोटी त्यानंतर सहा-आठ तासांनी, अनेकदा मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. त्या वेळी बाळाशेजारी उभा असतो तो बाल-हृदय अतिदक्षता तज्ज्ञ. या डॉक्टरचे नाव आईवडिलांना अनेकदा डिस्चार्ज कार्डावरच पहिल्यांदा दिसते.

घनसावंगी हा जालना जिल्ह्यातला तालुका. २०१९ ते २०२२ या काळात राज्याचे आरोग्यमंत्रिपद याच मतदारसंघाकडे होते. तरीही इथल्या बाळाला असा डॉक्टर गाठायचा तर पुण्याला किंवा मुंबईला जावे लागते. मुंबई म्हटले तर चारशे किलोमीटरहून अधिक. हा डॉक्टर करतो काय, घडतो कसा, आणि तो तालुक्याच्या जवळ का नाही?

हा डॉक्टर नेमका कोण?

मुलांच्या हृदयावरील उपचारात चार वेगवेगळे डॉक्टर असतात आणि घरच्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. आजार शोधणारा, इको करणारा, काही वेळा मांडीतील रक्तवाहिनीतून नळी घालून छिद्र बुजवणारा तो बाल-हृदयरोगतज्ज्ञ. छाती उघडून दुरुस्ती करणारा हृदय शल्यविशारद. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारा भूलतज्ज्ञ. आणि बाळ थिएटरमधून बाहेर आल्यापासून ते स्वतःच्या बळावर श्वास घेऊन वॉर्डात जाईपर्यंत त्याचा ताबा ज्याच्याकडे असतो, तो अतिदक्षता तज्ज्ञ.

हा मुक्काम कधी दोन दिवसांचा असतो, कधी दोन महिन्यांचा. काही बाळे ऑपरेशनच्या आधीच त्याच्याकडे येतात, कारण ऑपरेशन सोसण्याइतकीही ताकद त्यांच्यात उरलेली नसते. बाहेर बसलेल्या आजीच्या भाषेत ‘बाळ पेटीत ठेवलंय’. आत त्या पेटीभोवती व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि औषधाचे अर्धा डझन पंप असतात.

पहिल्याच रात्री असे काय होते?

ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवलेले असते. त्या काळात शरीरात रक्त फिरवण्याचे काम हार्ट-लंग मशीन करते. दुरुस्ती झाली की हृदय पुन्हा सुरू होते, पण ते दमलेले असते. थोडा वेळ रक्तपुरवठा बंद राहिल्याने आणि यंत्रातून रक्त फिरल्याने शरीरात दाह निर्माण होतो, हृदयाच्या स्नायूला सूज येते. गंमत अशी की थिएटरमधून बाहेर येताना बाळ बऱ्यापैकी स्थिर दिसते. घसरण नंतर सुरू होते.

ही घसरण मोजली गेली ती अमेरिकेतील बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात. डॉ. गिल वेर्नोव्स्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्या जन्मतः उलट जोडलेल्या असतात, अशा बाळांवरील ऑपरेशनचा तो अभ्यास होता. १२२ बाळांचे हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते, हे पहिल्या रात्रभर मोजण्यात आले. हार्ट-लंग मशीन बंद केल्यानंतर साधारण ९ ते १२ तासांनी हा आकडा सर्वांत खाली गेला. जवळपास एक चतुर्थांश बाळांमध्ये तो धोक्याच्या रेषेखाली होता.

म्हणजे दुपारी दोनला ऑपरेशन आटोपले असेल, तर सर्वांत नाजूक वेळ रात्री अकरा ते दोनची. या आकड्याने डॉक्टरांचे काम बदलले. घसरण येणार हे ठाऊक असेल, तर ती येण्याआधीच औषध सुरू करता येते. मिलरिनोन हे त्यातले एक औषध. ते हृदयाच्या आकुंचनाला बळ देते आणि रक्तवाहिन्या सैल करून त्याच्यावरचा भार हलका करते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३१ केंद्रांतील २३८ मुलांच्या चाचणीत ही अवस्था औषधाविना सुमारे २६ टक्के मुलांमध्ये, तर जास्त मात्रेचे मिलरिनोन दिलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के मुलांमध्ये आढळली. त्या चाचणीतही वेर्नोव्स्की होते. पुढे त्यांनी फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातील हृदय अतिदक्षता विभागाची धुरा सांभाळली. एका डॉक्टरच्या कारकिर्दीचा मोठा भाग ऑपरेशननंतरच्या पहिल्या चोवीस तासांभोवती फिरला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता या कामातला हिशेब पाहू. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाचे अडीच-तीन ग्लास. तपासणीसाठी दिवसातून वीस वेळा एक-एक मिलिलिटर रक्त काढले, तर अंगातले आठ टक्के रक्त केवळ तपासणीत गेले. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे प्रमाण रक्तदानाच्या एका पिशवीएवढे होते. म्हणून इथे रक्ताचा थेंबही मोजून काढतात.

औषधाचेही तसेच. दर किलोमागे मिनिटाला अर्धा मायक्रोग्रॅम मिलरिनोन द्यायचे, तर तीन किलोच्या बाळाला तासाला ९० मायक्रोग्रॅम लागते. एका मिलिग्रॅमचा दहावा भागही नाही. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट. अशी चार-पाच औषधे एकाच वेळी सुरू असतात आणि एकाचा वेग बदलला की दुसऱ्याचा परिणाम बदलतो.

आणि काही धोके असे, की वरवर पाहता सुधारणाच वाटावी. ऑपरेशननंतर छातीत साचणारे रक्त बाहेर काढण्यासाठी नळ्या ठेवलेल्या असतात. त्यांतून येणारे रक्त अचानक थांबले, तर नवख्याला हायसे वाटेल. अनुभवी डॉक्टर आणि सिस्टर मात्र सावध होतात. रक्तस्राव थांबला आहे, की नळीत गुठळी अडकून रक्त आत हृदयाभोवतीच साचते आहे? दुसरे खरे असेल, तर काही मिनिटांत हृदय दाबले जाते. मग थिएटरपर्यंत नेण्याइतकाही वेळ नसतो. छाती आयसीयूतच उघडावी लागते.

फुप्फुसातील रक्तदाब वाढलेल्या बाळांचे प्रकरण आणखी वेगळे. घशातला कफ ओढून घेण्यासारख्या साध्या गोष्टीनेही फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आवळतात, रक्त पुढे जायचे थांबते आणि बाळ बघता बघता निळे पडते. अशा वेळी श्वासातून नायट्रिक ऑक्साइड वायू देतात, दहा लाख भागांत साधारण ५ ते २० भाग इतक्या अल्प प्रमाणात. वाहनांच्या धुरातही सापडणारा हा वायू इथे फक्त फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करतो, बाकी शरीराचा रक्तदाब पाडत नाही. इंजिनीअरला हेवा वाटावा इतका नेमका उपाय आहे हा.

एवढी यंत्रे असताना डॉक्टर लागतो कशाला?

कारण यंत्रे आकडे दाखवतात, त्यांची गोष्ट जुळवत नाहीत. मॉनिटरवर रक्तदाब ठीक दिसत असतो आणि बाळाची पावले गार पडत असतात. लहान मुलांचे शरीर रक्तदाब शेवटपर्यंत टिकवून धरते. तो पडतो तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. म्हणून या विभागात तरबेज डॉक्टर मॉनिटरइतकाच बाळाच्या तळपायाला हात लावून पाहतो. पावले कोमट आहेत का? यकृत बोटाला जास्त खाली लागते आहे का? तासाला किलोमागे एक मिलिलिटर तरी लघवी होते आहे का? रक्तातील लॅक्टेट चढते आहे की उतरते आहे? यातली एकही खूण एकटी पुरेशी नसते. तीन-चार एकाच दिशेने सरकू लागल्या की निर्णय घ्यायचा असतो, आणि तो पहाटेच्या राउंडची वाट न पाहता.

या कामात सिस्टरचा वाटा बातम्यांत कधीच येत नाही. नुकतेच ऑपरेशन झालेल्या बाळामागे एक सिस्टर, असे प्रमाण चांगल्या केंद्रांत पाळले जाते. बाळाचा रंग ‘काहीतरी वेगळा वाटतोय’ हे सर्वांत आधी तिलाच कळते. तिने तसे म्हटल्यावर डॉक्टर झोपेतून उठून येतो की ‘सकाळी बघू’ म्हणतो, यावरून त्या विभागाची पत ठरते.

फॉर्म्युला वनच्या शर्यतीचा इथे काय संबंध?

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात डॉ. अॅलन गोल्डमन अतिदक्षता विभागाचे प्रमुख होते, तर प्रा. मार्टिन इलियट हृदय शल्यविशारद. दोघांनाही एक गोष्ट खटकत होती. थिएटरमधून आयसीयूत बाळ आणताना पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या नळ्या, तारा, पंप आणि व्हेंटिलेटर काढून पुन्हा जोडावे लागतात. त्याच वेळी ऑपरेशनमध्ये काय झाले, हे एका चमूने दुसऱ्याला सांगायचे असते. सगळे एकाच वेळी बोलत, कोण मुख्य आहे हे ठरलेले नसे आणि महत्त्वाची माहिती गोंगाटात हरवत असे.

टीव्हीवर शर्यत पाहताना त्यांना पिट-स्टॉप दिसला. गाडी आत येते, काही सेकंदांत चारही चाके बदलतात, कुणी ओरडत नाही. प्रत्येकाचे काम ठरलेले आणि गाडी सोडायचा इशारा देणारा माणूस एकच. त्यांनी फेरारीच्या चमूला आपल्या कामाचे चित्रीकरण दाखवले आणि त्यांच्याकडून पद्धत शिकून घेतली. कुणी कुठे उभे राहायचे हे ठरले. आधी यंत्रे जोडायची, मग सगळ्यांनी थांबून माहिती ऐकायची, असा क्रम ठरला. सूत्रे भूलतज्ज्ञाकडे देण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर हस्तांतरणामागे होणाऱ्या तांत्रिक चुका सरासरी ५.४ वरून ३.२ वर आल्या आणि सांगायची राहून जाणारी माहिती जवळपास निम्मी झाली. यासाठी एकही नवे यंत्र घ्यावे लागले नाही.

ही गोष्ट ऐकायला रंजक आहे म्हणून जगभर सांगितली जाते. तिच्यातली कळीची बाब वेगळी आहे. या डॉक्टरच्या कारकिर्दीत औषधांच्या ज्ञानाइतकेच माणसांची घडी बसवण्याचे काम असते.

घडी बसलेली नसेल तर काय होते?

याचे उत्तर इंग्लंडमधील ब्रिस्टलने फार मोठी किंमत देऊन दिले. तिथल्या रुग्णालयात हृदयाच्या ऑपरेशननंतर दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण जास्त आहे, हे भूलतज्ज्ञ डॉ. स्टीफन बोल्सिन यांना दिसले. त्यांनी नोंदी ठेवल्या, वरिष्ठांना सांगितले. ऐकून घ्यायला वर्षे गेली. पुढे सर इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली आणि २००१ मध्ये अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ बाळे अशी दगावली, जी देशातील इतर केंद्रांसारखे काम झाले असते तर दगावली नसती, असे अहवालाने म्हटले.

चर्चा सर्जनांच्या कौशल्याची झाली. अहवाल त्यापलीकडे गेला. ऑपरेशन एका इमारतीत, बाल-हृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयात. आयसीयूत मोठी माणसे आणि बाळे एकत्र. ऑपरेशननंतर बाळाची जबाबदारी नेमकी कुणाची, याचे स्पष्ट उत्तर नाही. थिएटर होते, पहिली रात्र सांभाळणारी व्यवस्था नव्हती. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सुपर स्पेशालिटी’च्या घोषणा होतात तेव्हा हा अहवाल आठवायला हवा.

भारतात हे करिअर कसे घडते?

वाट लांब आहे आणि एकच नाही. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे. त्यानंतर बालरोगशास्त्रात एमडी किंवा डीएनबी, तीन वर्षे. मग बाल-अतिदक्षता किंवा बाल-हृदयरोग या विषयात डीएम किंवा तत्सम पदवी, आणखी तीन वर्षे. चंडीगडच्या पीजीआय, दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थांत या जागा मोजक्याच असतात. यावरही हृदयाच्या आयसीयूत वर्ष-दोन वर्षे फेलोशिप, काही जणांची परदेशात. दुसरी वाट भूलशास्त्रातून येते. कोचीच्या अमृता इन्स्टिट्यूटमध्ये बाल-हृदय अतिदक्षता विभागाचे काम उभे करणाऱ्या डॉ. राखी बालचंद्रन या मूळच्या भूलतज्ज्ञ. भारतात अनेक ठिकाणी हीच पद्धत आहे. ज्याने थिएटरमध्ये भूल दिली, तोच रात्री आयसीयूतही पाहतो.

अमृता हे केंद्र बोस्टनमधून २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमात सामील झाले. विकसनशील देशांतील केंद्रांनी आपापले आकडे एकत्र ठेवायचे, संसर्ग रोखायचा आणि सिस्टरना निर्णयप्रक्रियेत स्थान द्यायचे, असा तो उपक्रम. अमृतामध्ये काही वर्षांतच ऑपरेशननंतरच्या जंतुसंसर्गात मोठी घट नोंदली गेली. हात धुणे, नळी गरजेपेक्षा एक दिवसही जास्त न ठेवणे आणि सगळे लिहून ठेवणे, अशी कामे यात येतात. यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

आता हे गणित जालन्याला लावून पाहू. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्या पहिल्या तुकडीतल्या घनसावंगीच्या एखाद्या मुलीने मनात आणले, प्रत्येक प्रवेश परीक्षा पहिल्या फटक्यात काढली, सरकारी सेवेचे बंधपत्रही पूर्ण केले, तर ती या विभागाची स्वतंत्र जबाबदारी घेण्यालायक होईपर्यंत २०३८ उजाडेल. तेव्हा तिचे वय बत्तिशीच्या आसपास असेल. तिच्यासोबत इंजिनीअरिंगला गेलेल्या मैत्रिणी तोवर दहा-अकरा वर्षे पगार घेत असतील. तिच्या वाट्याला आठवड्यातल्या दोन-तीन रात्रपाळ्या आणि पहाटे चार वाजता एखाद्या बापाला वाईट बातमी सांगण्याचे काम असेल. या शाखेकडे वळणारे कमी का, याचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही.

घनसावंगीत किती बाळांना याची गरज पडते?

हजार जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. देशात वर्षाला अशी दोन लाखांहून अधिक बाळे जन्मतात आणि त्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार लागतात. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १९.५९ लाख होती. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला, तर जिल्ह्यात वर्षाला तीसेक हजार जन्म, त्यांत अडीचशे-तीनशे बाळांना हृदयदोष आणि पन्नासेक बाळांना पहिल्या वाढदिवसाआधी उपचारांची गरज. हा ढोबळ हिशेब आहे. तरी अर्थ स्पष्ट आहे : जिल्ह्यात जवळपास दर आठवड्याला असे एक बाळ जन्मते. आठ तालुक्यांपैकी घनसावंगी एक, म्हणजे वर्षाला पाच-सहा बाळे या एका तालुक्यातली असू शकतात.

ती सापडतात का? त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. देशभरातला हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरमधून सुरू झाला. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक गाडीने अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शाळांना एकदा भेट देते. संशयित मुलाला पुढे पाठवते, ऑपरेशनच्या खर्चाचीही सोय या कार्यक्रमातून किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकते. हृदयाला छिद्र असलेल्या कितीतरी मुलांची ऑपरेशने यातून झाली आहेत आणि ग्रामीण भागासाठी हा कार्यक्रम मोलाचा आहे.

पण ज्या बाळाचा दोष अतिगंभीर आहे, ते अंगणवाडीतल्या तपासणीपर्यंत पोहोचतच नाही. पोटात असताना प्रत्येक बाळाच्या हृदयाजवळ एक जोडवाहिनी असते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती आपोआप बंद होते. काही दोषांमध्ये बाळ त्या वाहिनीवरच जगत असते. दवाखान्यातून घरी जाताना ते गोंडस, गुलाबी दिसते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध सोडते, धापा टाकू लागते, काळेनिळे पडते. शेजारी दृष्ट लागल्याचे सांगतात, दवाखान्यात न्यूमोनिया समजला जातो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातले बाळ असेल, तर ते त्या वेळी तालुक्यात तरी असेल की नाही, कुणास ठाऊक.

यावर एक स्वस्त तपासणी आहे. करोनाने घराघरांत पोहोचवलेला पल्स ऑक्सिमीटर. जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताचा आणि एका पावलाचा ऑक्सिजन मोजायचा. आकडा ९५ किंवा त्याहून अधिक आणि दोन्हींतला फरक ३ पेक्षा जास्त नसेल, तर बाळ या चाचणीत पास. कमी असेल तर पुन्हा मोजायचे आणि गरज पडल्यास इको. मात्र यासाठी नवजात बाळांसाठीचा पट्टीसारखा प्रोब लागतो. घरातला बोटाचा चिमटा चालत नाही. शिवाय साधे छिद्र या चाचणीत सापडत नाही. दूध ओढता ओढता थकणे, कपाळावर घाम, छाती उडणे, बाळसे न धरणे, वारंवार न्यूमोनिया, ओठ आणि जीभ निळी दिसणे, या खुणा आईनेच हेरायच्या असतात आणि दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो.

सापडले, तरी पोहोचणार कसे?

बंद होऊ पाहणारी जोडवाहिनी उघडी ठेवणारे औषध आहे : प्रोस्टाग्लॅंडिन. शिरेतून सतत द्यायचे. ते सुरू झाले की बाळाला काही तास, काही दिवस मिळतात. पण याच औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. म्हणजे सोबत श्वासनलिकेत नळी घालता येणारे कुणीतरी हवेच.

घनसावंगी ते जालना ४५ ते ५० किलोमीटर. जालन्याहून समृद्धी महामार्ग लागतो आणि जून २०२५ पासून तो मुंबईच्या वेशीपर्यंत खुला आहे. रस्त्याचा प्रश्न बराचसा सुटला. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही २०१४ पासून आहे. अडचण गाडीच्या आत आहे. अडीच किलोच्या बाळाला ऊब देणारी पेटी, त्याला झेपेल असा व्हेंटिलेटर, मायक्रोग्रॅममध्ये औषध देणारा पंप आणि हे सगळे हाताळणारा माणूस, हे चारही एका गाडीत मिळाले तर चारशे किलोमीटर पार करता येतात. एक जरी नसले, तर बाळ गार पडलेले, रक्तात आम्ल चढलेले असे पोहोचते. मग सर्जनने ऑपरेशन करण्याआधी अतिदक्षता तज्ज्ञाला दोन-तीन दिवस त्याला सावरण्यात घालवावे लागतात. हे दिवस बाळाच्या मूत्रपिंडाला आणि मेंदूला महाग पडतात.

मग असे केंद्र जालन्यातच का नको?

मागणी स्वाभाविक आहे, पण उत्तर सरळ नाही. वर्षाला पन्नास बाळांसाठी उभारलेल्या केंद्रात चमूचा हात बसत नाही. आठवड्याला एक ऑपरेशन करणारा विभाग रात्री दोन वाजताच्या बिघाडाला सरावलेला नसतो. ब्रिस्टलचा धडा तोच आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर मिळून मराठवाड्यासाठी एक भक्कम केंद्र, असा विचार केला तर आकडे जुळू शकतात. घाटीसारखे १९५६ पासूनचे शासकीय महाविद्यालय विभागात आहे. पण त्यासाठी इमारतीच्या आधी चोवीस तासांच्या तीन पाळ्या भरतील इतके डॉक्टर आणि प्रत्येक ताज्या ऑपरेशनमागे एक सिस्टर मंजूर व्हायला हवी. भूमिपूजनाच्या फलकावर या पदांना जागा नसते.

केरळने २०१७ मध्ये वेगळी सुरुवात केली. ‘हृद्यम’ योजनेत कोणत्याही दवाखान्यातून बाळाची ऑनलाइन नोंदणी होते, बाल-हृदयरोगतज्ज्ञ निकड ठरवतात, सरकारी किंवा खासगी ज्या केंद्रात जागा असेल तिथे बाळाला पाठवले जाते आणि खर्च सरकार करते. नवे केंद्र बांधण्याआधी असलेल्या खाटांपर्यंतचा रस्ता त्यांनी नीट केला. महाराष्ट्रात मुंबईच्या परळमधील वाडिया रुग्णालयासारखी जुनी नावे आहेत, खारघरला मुलांच्या हृदयाचे विनामूल्य उपचार करणारे सत्य साई संजीवनी केंद्र आहे. घनसावंगीच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री अकराला निळे बाळ आले, तर त्या क्षणी यांपैकी कुठे खाट रिकामी आहे, हे तिथल्या डॉक्टरला एका फोनवर कळायला हवे.

घरी परतल्यावर काय?

सगळे नीट झाले, तर चौथ्या-पाचव्या दिवशी नळी निघते. पहिल्यांदा रडण्याचा आवाज बाहेर येतो, कारण नळी असताना बाळ रडते पण आवाज येत नाही. नाकातल्या नळीतून आईचे दूध दोन-दोन मिलिलिटर सुरू होते. काही दिवसांनी बाळ वॉर्डात आणि मग घरी जाते. तिथून पुढे त्याची फाइल अंगणवाडी सेविकेच्या आणि तपासणी पथकाच्या हातात असते. दर महिन्याला वजन, ठरलेल्या तारखेला इको, लसी वेळेवर, दात आले की त्यांची निगा, कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात. मोसंबीच्या बागेत किंवा कपाशीत मजुरीला जाणाऱ्या आईवडिलांना यातल्या प्रत्येक तारखेसाठी एका दिवसाचा रोज बुडवावा लागतो आणि पुण्या-मुंबईची तारीख असेल तर तीन दिवसांचा.